अकरा सेकंद आणि एक कानफटात : सोलापुरातल्या एका कुस्ती स्पर्धेचं प्रकरण

आमच्या स्पर्धेत हरलेल्या पैलवानाने पंचाच्या कानफटात मारली, ते प्रकरण लिहून काढायचं, असं आमच्या स्पर्धा समितीच्या बैठकीत ठरलं. लिहायला मात्र कुणी पुढे येईना. मी त्या वर्षी समितीचा खजिनदार होतो. पैसे कुठे खर्च केले आणि कुठे वाचवले, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते. म्हणून लिहायचं काम मी घेतलं. नावं, तालमींची ओळख, तारीख आणि मैदानाची नेमकी जागा मुद्दाम गाळली आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यातल्या तिघांना मजकूर आधी वाचून दाखवला. पैलवानालाही दाखवला.

पार्श्वभूमी

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, उरकली की सोलापूर जिल्ह्यात कुस्त्यांचा खरा हंगाम चढतो. गावोगावच्या जत्रा, त्यातली मैदानं, आणि अलीकडे शहरातल्या गादीवरच्या (मॅटवरच्या) रोख बक्षिसांच्या स्पर्धा. आमची स्पर्धा शहराच्या पूर्व भागात भरते. यंत्रमाग आणि विडीच्या कामावर चालणारी ही वस्ती. मैदानात आरडाओरडा होतो तो मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत. पैलवान येतात ते मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडूनही.

रोख बक्षीस असलं की हौशी कुस्ती आणि धंद्याची कुस्ती यांच्यातली रेघ पुसट होते. ७४ किलोच्या पहिल्या नंबराला आम्ही ५१ हजार आणि चांदीची गदा ठेवली होती. ज्या पोराची ही गोष्ट आहे, त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. पोराला रोज दोन लिटर दूध, बदाम, तूप, अंडी आणि आठवड्यातून दोनदा मटण लागतं. दूधवाल्याची चार महिन्यांची उधारी होती आणि बक्षीस मिळालं की चुकती करू, असं घरातून सांगून ठेवलेलं होतं. हे मला नंतर कळलं. लढतीला उतरताना मात्र त्याच्या डोक्यात हा हिशेब होताच.

आता आमचा हिशेब. निवेदकाला १५ हजार, हलगी पथकाला आठ हजार, व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या फेट्यांना ११ हजार. पंचांना दिवसाचे ७०० रुपये आणि पेट्रोल. चॅलेंजसाठी, म्हणजे पंचाचा निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासायची मागणी आली तर त्यासाठी, गादीच्या दोन बाजूंना कॅमेरे आणि एक पडदा लावायचे सहा हजार मागितले होते. ती ओळ मी स्वतः खोडली आणि पत्रकाच्या तळाला ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ एवढं छापून घेतलं.

इथे माती आणि गादीतला फरक सांगितला पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाला तो सहसा माहीत नसतो. मातीतली निकाली कुस्ती चितपट झाली की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही दिसते. पाठ लागली की लागली. नाहीच लागली तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि दोघांचेही हात वर करतात. गादीवर असं नसतं. तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, ताबा घेतला की दोन गुण, बाहेर ढकललं की एक, पाठ धोक्याच्या कोनात वळली की पुन्हा दोन. हे सगळं क्षणात घडतं. गादीवरचा पंच, बाजूचा जज आणि मॅट चेअरमन या तिघांपैकी दोघांचं जुळलं की निर्णय होतो. म्हणजे गादीवरची कुस्ती बघायची तर दुसऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. आमच्या प्रेक्षकांनी पिढ्यान् पिढ्या माती पाहिलेली. त्यांच्या हाती आम्ही गादी दिली, पण पंच तिथे काय बघतो हे कधी समजावून सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांना विजयी ठरवलं, तेव्हा शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली. खांदे टेकलेच नव्हते, अशी त्यांची तक्रार होती. त्याच दिवशी अंतिम लढतीत आपल्या जिल्ह्याचे महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून वेळ संपण्याआधीच आखाडा सोडून गेले. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली गेली. आमची स्पर्धा त्यानंतरच्या हंगामातली. अहिल्यानगरचं ते घडलं तेव्हा समितीच्या व्हॉट्सॲप गटावर काय चर्चा झाली होती, ते मी या लेखासाठी पुन्हा वर जाऊन वाचलं. अठरा जणांपैकी चौदा जणांनी लिहिलं होतं, ‘पंचाला मारायला नको होतं, पण...’ त्या ‘पण’च्या पुढे ज्याचं त्याचं वाक्य वेगळं होतं. चौदांत मीही होतो.

प्रसंग

७४ किलोची अंतिम लढत रात्री पावणेदहाला लागली. लाल पट्टीत आमच्याच भागातला पैलवान, निळ्या पट्टीत सीमेपलीकडच्या गावातला. लाल ५, निळा ४. वेळ संपायला अकरा सेकंद. निळ्याने गादीच्या कडेला एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला, लालने वरून फिरवायचा प्रयत्न केला आणि दोघेही कडेवर लोळले. पंचाने निळी मनगटपट्टी बांधलेला हात वर करून दोन बोटं दाखवली. जजने दुजोरा दिला, चेअरमनने मान हलवली. ६-५.

लालच्या वस्तादांनी स्पंज गादीवर फेकला. चॅलेंज मागण्याची ती खूण. पण दाखवायला कॅमेराच नव्हता. चेअरमनने हाताने ‘नाही’ अशी खूण केली. प्रेक्षकांना वाटलं, चॅलेंज नाकारलं.

त्याच वेळी निवेदक माइकवर बोलला. त्याचे शब्द तीन वेगवेगळ्या मोबाइलवर सारखेच आले आहेत, म्हणून जसेच्या तसे देतो : “अहो पंच, जरा पब्लिकला विचारा की! सोलापूरची पब्लिक डोळस हाय. दोन गुण झाले का ओ?” दोन-अडीच हजार लोकांतून ‘नाही’ असा एकच आवाज आला. हलगीही थांबली नाही.

मी व्यासपीठाच्या पायरीवर उभा होतो, निवेदकापासून चार हातांवर. माइक काढून घेता आला असता. मी घेतला नाही.

लढतीचे उरलेले सेकंद कसेबसे संपले. पंचाने दोघांना मधोमध बोलावलं, दोघांची मनगटं धरली आणि निळ्याचा हात वर केला. लालने आपलं मनगट सोडवलं आणि उघड्या तळव्याने पंचाच्या डाव्या कानावर मारलं. पंच गुडघ्यावर बसला. मग लाथ. ती खांद्यावर बसली. मनगटाची निळी पट्टी सुटून गादीवर पडली आणि तिच्यावरून आठ-दहा माणसं आत धावली. त्यातली निम्मी सोडवायला आली होती आणि निम्मी मारायला. कोण कशाला आलं, हे तेव्हाही कळत नव्हतं आणि व्हिडिओतही कळत नाही.

पहिल्या रांगेत तालमीची लहान पोरं मांडी घालून बसली होती. दहा-बारा वर्षांची. त्यांच्यात आणि गादीत सहा फुटांचंही अंतर नव्हतं.

त्या रात्रीचा पेच

पंचाला बाजूला नेऊन खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. त्याच्या कानात शिट्टीसारखा आवाज घुमत होता आणि डाव्या बाजूने बोललेलं त्याला कळत नव्हतं. तिकडे व्यासपीठावर वेगळीच चर्चा सुरू होती. एका पाहुण्यांनी तोडगा काढला : पंच बदला, दोन मिनिटांची फेरलढत लावा, जास्तीचे ११ हजार माझ्याकडून. पब्लिक शांत होईल, कुणाचं नुकसान होणार नाही.

आमच्यातल्या बहुतेकांना हे पटलं, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. गर्दी उसळलेली, बंदोबस्ताला मोजके पोलीस, बायका-पोरं मैदानात. गर्दी आवरायची तर तिला काहीतरी द्यावं लागतं, अशी आमची समजूत होती. अध्यक्षांनी निळ्याच्या वस्तादांना बोलावून घेतलं. वस्ताद वयस्कर, मराठी जरा अडखळत बोलणारे. ते म्हणाले, “लावा की. आमचं पोरगं लढतंय. पण अगोदर त्या पंचाला जाऊन विचारा, त्येला ऐकू येतंय का म्हणून.”

कुणी विचारायला गेलं नाही. फेरलढतही लागली नाही. निर्णय आम्ही घेतला असं म्हणणं खोटं ठरेल. त्या वाक्यानंतर पुढे बोलायला कुणाला तोंड राहिलं नाही, एवढंच. दिवे मंद करून कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. बक्षीस समारंभ रद्द झाला.

यात एक माणूस पूर्ण विसरला गेला. तो म्हणजे जिंकलेला पैलवान. त्याला गदा दुसऱ्या दिवशी दुपारी एका दुकानाच्या मागच्या खोलीत दिली. फोटोला आम्ही तिघं होतो.

समोरचे पर्याय

तिसऱ्या दिवशी बैठक बसली. त्याआधीच्या दोन दिवसांत पंचाच्या घरी पाच वेगवेगळे लोक जाऊन आले होते. पंच शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तपासणीत कानाचा पडदा फाटल्याचं दिसलं होतं. उघड्या तळव्याने कानावर मारलं की आतल्या हवेवर एकदम दाब येतो आणि पडदा फाटू शकतो. डॉक्टरांनी कानात पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका आणि सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, असं सांगितलं होतं. बहुतेकदा असा पडदा आपोआप भरून येतो.

पहिला पर्याय समेटाचा होता आणि सगळ्यात मोठा पाठिंबा त्यालाच होता. पैलवानाने गादीवर येऊन पंचाच्या पाया पडायचं, पंचाने त्याला उठवून छातीशी धरायचं, फोटो काढायचा, विषय मिटवायचा. आपल्याकडे माफीचा हा रिवाज आहे आणि त्यात खरी माया असते, हे मी नाकारणार नाही. मी स्वतः वस्तादांच्या पाया पडून वाढलो आहे. पण या वेळी माफीची सगळी तयारी मारणाऱ्याच्या सोयीने चालली होती. पंचाला सांगितलं जात होतं, “गुरुजी, पोरगं तुमच्या लेकराच्या वयाचं. करिअर जाईल. तुम्ही मोठं मन करा.” पैलवानाकडे जाऊन ‘तू काय केलंस’ हे विचारणारा एकही नव्हता. पंचाच्या बायकोने पाचव्या पाहुण्याला चहा दिला आणि म्हणाली, “मोठं मन करायला सगळ्यांना आमचंच घर सापडलं का?” बैठकीत हे वाक्य कुणीतरी हसत सांगितलं. कुणी हसलं नाही.

दुसरा पर्याय पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीसाठी कलम ११५(२) आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, पोलीस आपणहून अटक करत नाहीत. कानाचं ऐकू येणं कायमचं गेलं किंवा माणूस पंधरा दिवस नेहमीचं काम करू शकला नाही, तर ती गंभीर दुखापत ठरते आणि कलम बदलतं. आमचा पंच सहाव्या दिवशी शाळेत हजर झाला. घरी बसून राहिला असता तर प्रकरण कदाचित जड झालं असतं, हे त्याला एका वकील मित्राने सांगितलंही होतं. तो म्हणाला, परीक्षा जवळ आल्यात.

इथे एक गोष्ट मला फार बोचली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० सालापासून वेगळा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. असा कायदा करावा लागला, यावरूनच आपण कुठे पोचलो ते कळतं. रुग्ण गेला की डॉक्टर, पावती फाडली की वाहतूक पोलीस, मार्क कमी पडले की मास्तर. निर्णय आपल्या विरुद्ध गेला की निर्णय देणारा विकलेला, हे आपण आधीच ठरवून टाकतो. मैदानातला पंच याच माळेतला आहे, फक्त त्याच्या अंगावर गणवेश नाही आणि मागे कुठलं खातं नाही.

तिसरा पर्याय बंदीचा. अहिल्यानगरचा दाखला देऊन तीन वर्षं म्हणणारे होते. २२ वर्षांच्या पोराची तीन वर्षं गेली म्हणजे कुस्तीच गेली, असं म्हणणारेही होते. एका तरुण सदस्याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं उदाहरण काढलं : तायक्वांदोत क्यूबाच्या आंखेल मातोसने पंचाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा त्याच्यावर आजन्म बंदी आली, आणि त्याच्या प्रशिक्षकावरही. ‘प्रशिक्षकावरही’ या शब्दापाशी बैठक थबकली. लालच्या वस्तादांनी स्पंज फेकला तो नियमाने त्यांचा हक्क होता. पण नंतर गादीच्या कडेला येऊन ते काय ओरडत होते, ते एका व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतं. ते मी इथे लिहीत नाही. वस्ताद शहरातले मानाचे, साठीच्या पुढचे. त्यांच्यावर कारवाई करायची कल्पनाच आमच्या तोंडातून बाहेर पडत नव्हती.

चौथी बाजू प्रेक्षकांची. ती मांडणारा मी एकटाच होतो आणि मला ती नीट मांडता आली नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका बास्केटबॉल सामन्यात प्रेक्षकाने पेयाचा ग्लास फेकला आणि रॉन आर्टेस्ट हा खेळाडू थेट प्रेक्षकांत घुसून मारामारी करू लागला. त्याला उरलेल्या हंगामाचे ८६ सामने बाहेर बसवलं. पण तिथली लीग तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या काही महिन्यांत प्रेक्षकांसाठी आचारसंहिता आणली, शेवटच्या सत्रात दारूविक्री बंद केली. खेळाडू कोट्यधीश असोत की मागवाल्याची पोरं, मैदानात कुणाला काय ऐकवलं जातं याची जबाबदारी मैदान भरवणाऱ्यावर येते, एवढंच मला म्हणायचं होतं. यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “पब्लिकला काय शिकवणार आपण? पब्लिक हाय म्हणून मैदान हाय.” आणि चर्चा पुन्हा पोराच्या वयावर गेली.

काय केलं

पंचाने एनसी स्वतः नोंदवली. समितीला न विचारता, शाळा सुटल्यावर, एकटा जाऊन. आमची बैठक अजून संपायची होती. आम्ही कुणीतरी सोबत जायला हवं होतं.

समितीने शेवटी असं ठरवलं : आमच्या स्पर्धेत पैलवानाला दोन वर्षं प्रवेश नाही. जिल्हा संघटनेला सगळे व्हिडिओ आणि लेखी अहवाल पाठवायचा. त्यांनी काय करायचं ते त्यांच्या हाती. वस्तादांना एक वर्ष गादीच्या कडेला बसता येणार नाही. निवेदकाला पुढच्या वेळी बोलावायचं नाही, हा ठराव मात्र एका मताने पडला. तो चांगला बोलतो, गर्दी खेचतो, आणि ‘त्याने काय हात उगारला का?’ हे म्हणणं आमच्यातल्या अनेकांना पटलं.

आणखी एक अट घातली, ती माझ्या सूचनेवरून. पैलवानाने त्या वर्षीच्या लहान गटाच्या सहा स्पर्धांत पंचांच्या टेबलाशी बसून गुण लिहायचे. शिक्षा म्हणून नव्हे, पंचाला गादीवर काय दिसतं आणि काय दिसत नाही ते त्याने त्या खुर्चीवरून बघावं म्हणून.

काय झालं

कान सात आठवड्यांनी भरून आला. डॉक्टरांनी बरा असल्याचं सांगितलं. पण मोठ्या गटाच्या लढतीला उभं राहायला पंचाने नकार दिला. आमच्याकडे नियमित येणारे नऊ पंच होते, त्यातल्या चौघांनी पुढचं बोलावणं नाकारलं. एकाने स्पष्ट सांगितलं, सातशे रुपयांत कान फोडून घ्यायला येणार नाही. पंचांची भाषा एरवी फार मऊ असते, म्हणून हे वाक्य लक्षात राहिलं.

पैलवान सहापैकी तीन स्पर्धांना आला. पहिल्या दिवशी त्याला गुणांच्या खुणा वहीत लिहिताच येईनात. गादीवर दहा वर्षं काढलेला पोरगा, पण एका झटापटीत कुणाचे दोन आणि कुणाचा एक, हे लिहिताना त्याचा हात थांबायचा. दुसऱ्या स्पर्धेत एका अकरा वर्षांच्या मुलाचे वडील टेबलाशी येऊन त्याच्यावर ओरडले, “ए, किती पैसे खाल्लेस बे?” तो उठून उभा राहिला. मी शेजारीच होतो, माझ्या छातीत धस्स झालं. तो परत बसला, वही त्यांच्याकडे फिरवली आणि कुठला गुण केव्हाचा ते बोट ठेवून दाखवू लागला. वडिलांना ते ऐकायचं नव्हतं, ते निघून गेले. तीन स्पर्धांनंतर त्याला एका कारखान्यात रात्रपाळीचं काम लागलं आणि त्याचं येणं बंद झालं. दूधवाल्याची उधारी वडिलांनी हप्त्यांनी फेडली. यातून त्याच्यात बदल झाला का, हे सांगायला तीन दिवस पुरेसे नाहीत, आणि तसा दावा मला करायचाही नाही.

दरम्यान एका तालमीत गेलो होतो, सकाळी सहाच्या सुमाराला. लहान पोरं हौद्यातली माती उकरून खेळत होती. एक पोरगा पंच झाला होता, मनगटाला निळी चिंधी बांधून. दोघं लढले, त्याने एकाचा हात वर केला, आणि दुसऱ्याने उडी मारून त्याला लाथ घातली. सगळी पोरं खिदळली. पंच झालेला पोरगाही खिदळत मातीत पडला. मग पाळी बदलली आणि दुसरा पंच झाला. खेळ असा रचला होता की पंच झालेल्याने लाथ खायचीच.

मी वस्तादांना हाक मारली. त्यांनी बघितलं, पोरांवर खेकसले, पोरं पांगली. ज्यांना आम्ही एक वर्ष कडेला बसायला मनाई केली होती, तेच ते वस्ताद. बराच वेळ ते हौद्याच्या कठड्यावर बसून राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी मीच वरडलो न्हवं.”

आज बघता कुठे काय बदलता आलं असतं

कॅमेऱ्याचे सहा हजार. याबद्दल माझं मत पक्कं आहे. मी तो व्हिडिओ तीन कोनांतून कितीतरी वेळा पाहिला. मला निर्णय बरोबर वाटतो. पण एका कोनातून निळ्याचा पाय आधी बाहेर गेल्यासारखा दिसतो आणि तेवढ्यावर माणसं भांडत राहतात. त्या रात्री पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवलं असतं तर काहीजण तरीही ओरडले असते. पण पोराला त्या अकरा सेकंदांनंतर दीड मिनिट श्वास घ्यायला मिळाला असता. अंगात लढत भिनलेली असताना माणसाला दीड मिनिट फार असतं.

माइक. ज्याच्या हातात माइक, त्याच्या हातात मैदान, हे आम्हाला चाळीस वर्षं माहीत आहे. तरी निवेदकाशी आमचा करार फक्त मानधनाचा होता. निर्णयावर बोलायचं नाही, निर्णय लागल्यावर हलगी बंद, हे आधी सांगून ठेवायला एक रुपयाही लागला नसता. पुढच्या बैठकीत निवेदकाला न बोलावण्याचा ठराव मी पुन्हा मांडला. या वेळी लालच्या वस्तादांनी स्वतः हात वर केला, आणि ठराव मंजूर झाला.

जिंकलेल्याला गदा त्याच रात्री, त्याच गादीवर द्यायला हवी होती, मग मैदानात वीस माणसं उरली असती तरी चाललं असतं. तो पुन्हा आमच्या स्पर्धेला आला नाही.

आणि पंचाच्या घरी पहिल्या दिवशी समितीने जायला हवं होतं. माफ कर म्हणायला नाही, औषधाचं काय, शाळेत रजा मिळाली का, पोलिसांत जायचं असेल तर कोण सोबत येऊ, हे विचारायला. पाचही जण पैलवानाच्या बाजूने गेले. पंचाच्या बाजूने गेलेलं कुणी नव्हतं. मीही गेलो तो दहाव्या दिवशी, त्याचे थकलेले सातशे रुपये पाकिटात घालून. त्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही.

पुढचा हंगाम

या वर्षी पंचांचं मानधन अडीच हजार केलं. फेटे रद्द केले, कॅमेरे लावायचे ठरले. गादीभोवती दहा फुटांवर लोखंडी कठडा येतोय आणि लहान पोरांना व्यासपीठाच्या बाजूला बसवणार आहोत. नकार दिलेल्या चौघांपैकी दोघं परत यायला तयार झाले.

ज्याचा कान फुटला त्या पंचाला मी मागच्या आठवड्यात फोन केला. मोठ्या गटाला उभे राहाल का, असं विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून लहान गटापुरतं विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “येतो. मोठ्यालाही येतो. पण माइकवर कोण आहे, ते आधी सांगा.”